स्वरयंत्राच्या कर्करोगाचे उपचार: निदानापासून पहिल्या पेट स्कॅनपर्यंत

२०२५ च्या फेब्रुवारीत सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचे सौदे सुरू झाले आणि माझा आवाज बसला. मी अडत दुकानात दिवाणजी आहे. सौद्याच्या वेळी मालाचा पुकारा करणे आणि चढती बोली मोठ्याने सांगणे हे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे असल्यामुळे हंगामात घसा बसणे मला नवे नव्हते. या वेळी मात्र सौदे नसलेल्या दिवशीही आवाज सुटेना आणि घोट घेताना डाव्या कानात ठणका येऊ लागला. आमच्या फॅमिली डॉक्टरांचा नियम साधा आहे: तीन आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही, तर औषधे बदलत बसायचे नाही, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहून घ्यायचे. त्यांनीच मार्चच्या मध्यावर चिठ्ठी देऊन मला पाठवले.

ही तपासणी ऐकायला भयंकर वाटते, पण तशी नाही. नाकात बधिर करणारा फवारा मारतात आणि एक बारीक, लवचिक दुर्बीण घशापर्यंत उतरवतात. काही मिनिटांत ती बाहेरही येते. डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर मला दाखवले, की उजवा स्वरतंतू श्वासाबरोबर उघडतो-मिटतो आहे, डावा जागचा हलत नाही आणि त्यावर पांढरट, खडबडीत वाढ आहे. बायोप्सी करावी लागेल, असे त्यांनी सांगितले, पण त्याआधी मानेचा सीटी स्कॅन करायला लावला. तुकडा काढल्यावर तिथे सूज येते आणि मग गाठ किती व सूज किती हे चित्रावरून सांगणे अवघड होते, हे त्यामागचे कारण. ज्यांना नुकतीच बायोप्सी सांगितली आहे त्यांनी हा क्रम डॉक्टरांना जरूर विचारावा. सीटी स्कॅनला सहा हजारांच्या आसपास आणि भूल देऊन केलेल्या बायोप्सीला सगळे मिळून पंचवीस हजारांच्या घरात खर्च आला.

अहवाल मार्चच्या अखेरीस हाती पडला. ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे कर्करोगाचाच एक प्रकार, हे शब्द पॅथॉलॉजीच्या कागदावर वाचले आणि त्यानंतर डॉक्टर जे बोलत होते त्यातले निम्मे माझ्या कानांवरून गेले. सौभाग्यवती शेजारी वही घेऊन बसली होती आणि ती लिहून घेत होती, म्हणून पुढचे सगळे निभावले. माझी भीती सरळ होती: आवाज जाणार, आणि ज्याच्या आवाजावर दुकानाचे सौदे चालतात तो माणूस उद्या काय करणार? घरात धाकट्या मुलीचे शिक्षण चालू होते. त्या रात्री आम्ही दोघांनी झोपेचे नाटक केले.

मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एकदा मत घ्यायचे ठरले. जाण्याआधी जी तयारी केली ती इतरांच्या उपयोगी पडेल. बायोप्सीचा नुसता अहवाल नेऊन भागत नाही. ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून काचेच्या स्लाइड आणि मेणात बसवलेला मूळ तुकडा, ज्याला ते ब्लॉक म्हणतात, दोन्ही अर्ज देऊन मागून घ्यावे लागतात, कारण टाटाचे पॅथॉलॉजिस्ट ते स्वतः पुन्हा तपासतात. सीटी स्कॅनची फिल्म पुरत नाही, सीडीही हवी. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि सगळ्या कागदांच्या प्रत्येकी तीन झेरॉक्स तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावल्या. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात स्लीपर व थर्ड एसीचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. मात्र त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो, म्हणून पहिल्या खेपेला पूर्ण तिकीट काढूनच महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलो. दाखला पहिल्याच भेटीत मागून घ्यावा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदणी झाली. जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग असतात. जनरलमध्ये खर्च बराच कमी आणि थांबणे अधिक, डॉक्टरांचा गट मात्र तोच. मी जनरल घेतला. नोंदणीनंतर फाइल क्रमांक आणि एक स्मार्ट कार्ड मिळते. त्यात पैसे भरून ठेवायचे आणि प्रत्येक तपासणीचे शुल्क त्यातून वळते होते. गर्दी पाहून पहिल्या दिवशी छाती दडपते. पण खांद्यावर पिशवी आणि हातात तीच हिरवट-पिवळी कागदपत्रे घेऊन बसलेली माणसे पाहता पाहता, आपल्यावरच काहीतरी वेगळे कोसळले आहे ही भावना हळूहळू ओसरते. राहण्यासाठी परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. जागेसाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचे पत्र घेऊन सकाळी लवकर चौकशी करावी. आम्हाला लगेच जागा मिळाली नाही. पहिल्या काही रात्री लालबागला एका ओळखीच्या हमालाच्या नातलगांकडे काढल्या आणि त्यांनी आम्हाला घरच्यासारखे ठेवले.

पुढचे दोन आठवडे तपासण्यांत गेले: पुन्हा दुर्बीण, स्लाइडचा फेरअहवाल, छातीचा स्कॅन, रक्त, मूत्रपिंडाची क्षमता, दातांची तपासणी, गिळण्याची तपासणी आणि कानांची चाचणी. घशाच्या आजारात कान कशासाठी तपासतात हे मला तेव्हा कळले नव्हते. त्याच चाचणीने पुढे माझे औषध ठरवले. निष्कर्ष असा निघाला: डावा स्वरतंतू अचल, म्हणून टी ३, मानेत डाव्या बाजूला तीन सेंटिमीटरपेक्षा लहान एक गाठ, म्हणून एन १, शरीरात इतरत्र प्रसार नाही, म्हणून एम ०. एकंदरीत तिसरा टप्पा.

एप्रिलच्या शेवटी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार या तिन्ही विभागांच्या डॉक्टरांसमोर एकत्रित बैठक झाली. तिथे जे ऐकले ते मी सविस्तर लिहितो, कारण घशाचा कर्करोग म्हटले की लोक एकच उपचार गृहीत धरतात. गाठ अगदी सुरुवातीची, म्हणजे टी १ किंवा टी २ असेल, तर तोंडावाटे लेझरने काढणे किंवा नुसते किरणोपचार, यांपैकी एकच उपचार बहुधा पुरतो. गाठीने स्वरयंत्राची कूर्चा भेदली असेल, म्हणजे टी ४ ए, तर पूर्ण स्वरयंत्र काढून नंतर किरणोपचार देणे हाच सहसा खात्रीचा मार्ग असतो. मधल्या, माझ्यासारख्या रुग्णापुढे दोन वाटा असतात: स्वरयंत्र काढणे, किंवा किरणोपचार आणि केमोथेरपी एकाच वेळी देऊन ते वाचवण्याचा प्रयत्न करणे. स्वरयंत्र वाचवण्याची वाट मुळात खुली झाली १९९१ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या ३३२ रुग्णांच्या अभ्यासामुळे. आधी केमो व मग किरणोपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र टिकले, आणि दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटाइतकेच, ६८ टक्के होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत दोन्ही उपचार एकत्र दिले तेव्हा दोन वर्षांनी ८८ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र जागेवर होते. नुसत्या किरणोपचारांत ते प्रमाण ७० टक्के होते.

स्वरयंत्र जागेवर राहणे आणि ते कामाचे राहणे यांत फरक आहे, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. ज्याला आधीच पाणी पिताना ठसका लागून ते श्वासनलिकेत उतरते, किंवा श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले आहे, त्याचे स्वरयंत्र वाचवून त्याला फायदा होईलच असे नाही. माझे गिळणे ठीक होते, श्वास मोकळा होता, कूर्चा शाबूत होती. म्हणून त्यांचा कौल एकत्रित उपचारांकडे होता, आणि गाठ उरली किंवा परतली तर स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया राखून ठेवलेली होती.

त्याच दिवशी समुपदेशकांनी स्वरयंत्र काढलेल्या एका गृहस्थांशी माझी भेट घालून दिली. गळ्याच्या छिद्रावर अंगठा ठेवून ते माझ्याशी स्वच्छ मराठीत, थोड्या घोगऱ्या आवाजात बोलले. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये सिलिकॉनची एक छोटी झडप बसवतात, तिच्यामुळे हा आवाज निघतो. परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात आणि ती ठराविक काळाने बदलावी लागते. बंगळुरूचे शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी अशीच झडप पन्नास रुपयांत तयार करून दाखवली, हे मला त्या गृहस्थांकडूनच कळले. त्यांना भेटल्यावर माझी निम्मी धास्ती गेली. शस्त्रक्रिया सांगितली गेली असेल तर निर्णयाआधी अशा एखाद्या माणसाला भेटवण्याची विनंती नक्की करावी.

आता लक्ष्यवेधी औषधांविषयी, म्हणजे टार्गेटेड थेरपीविषयी. माझा भाचा पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. पहिल्या दिवसापासून त्याचा एकच आग्रह होता. “मामा, केमो जुनी झाली. टार्गेटेड थेरपी मागा, इम्युनोथेरपी मागा. पैशाचं बघू आपण.” त्याच्या या ‘बघू’मागे आमची दीड एकर द्राक्षबाग होती, हे दोघांनाही ठाऊक होते. मी त्याने लिहून दिलेली औषधांची नावे घेऊन डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी कागद बाजूला सारला नाही. एकेक नाव घेऊन उत्तर दिले, आणि त्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

घशाच्या कर्करोगातील बहुसंख्य गाठींच्या पेशींवर ईजीएफआर नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात असते. वाढीचा संदेश ते बाहेरून झेलते आणि पेशीच्या आत पोचवते. सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड त्यावर जाऊन बसते आणि संदेश अडवते. २००६ मध्ये अमेरिकेत त्याला डोके व मानेच्या कर्करोगासाठी (घशाचा कर्करोग यातच मोडतो) मान्यता मिळाली, कारण किरणोपचारांना त्याची जोड दिल्यावर रुग्णांचे सरासरी आयुष्य २९ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेले. पण ती तुलना नुसत्या किरणोपचारांशी होती. पुढे एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या कर्करोगात सिसप्लॅटिन या केमोच्या जुन्या औषधाशी समोरासमोर तुलना झाली, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत सिसप्लॅटिनच सरस ठरले. निमोटुझुमॅब हे त्याच जातीचे, क्यूबात विकसित झालेले औषध २००६ पासून भारतात मिळते. टाटामध्येच ५३६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. दर आठवड्याच्या सिसप्लॅटिनला त्याची जोड दिल्यावर दोन वर्षे आजार न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण ५० वरून सुमारे ६२ टक्क्यांवर गेले. एकूण आयुष्यातील फरक मात्र त्या अहवालात तितका ठाम नव्हता. शिवाय तिथे सिसप्लॅटिनची साप्ताहिक मात्रा कमी होती, आणि तीन आठवड्यांतून एकदा द्यायची मोठी मात्रा अधिक चांगले नियंत्रण देते असे त्याच रुग्णालयाच्या आधीच्या चाचणीत दिसले होते. म्हणजे औषध निरुपयोगी नव्हे, पण पूर्ण मात्रेची केमो सोसू शकणाऱ्याने बाग विकून ते घ्यावे इतका पुरावाही नाही.

“काका, फुप्फुसाच्या काही कर्करोगांत जनुकातला एक ठराविक बदल सापडतो आणि त्याच्यावर गोळी असते,” डॉक्टर म्हणाले. “घशाच्या आजारात तसा बदल फार थोड्यांत सापडतो. त्यामुळे महागडी जनुकचाचणी करून तुमचा पहिला उपचार बदलणार नाही.” एचरास जनुकात बदल असलेल्या थोड्या रुग्णांसाठी टिपिफार्निब, तसेच ईजीएफआरसह आणखी एक लक्ष्य एकाच वेळी पकडणारी अमिव्हँटामॅब व पेटोसेमटामॅब यांच्या चाचण्या झाल्या किंवा चालू आहेत, असे त्यांनी सांगितले, पण त्या मुख्यतः आजार परतलेल्या किंवा पसरलेल्या रुग्णांसाठी आहेत.

इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला आजाराविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांचे, उत्तर मला अनपेक्षित होते. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब या औषधांनी परतलेल्या व पसरलेल्या आजारात खरोखर फरक पडला आहे आणि अमेरिकेत २०१६ पासून त्यांना या आजारासाठी मान्यता आहे. परंतु माझ्यासारख्या रुग्णाच्या केमो-किरणोपचारांना अशा औषधांची जोड देणाऱ्या मोठ्या चाचण्यांत अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. नवे औषध आणि आपल्याला लागू पडणारे औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते हेच सर्वांत आधी विचारायला हवे: हे औषध कोणत्या टप्प्यातल्या रुग्णांवर तपासले, ते कशाच्या तुलनेत, आणि माझ्या बाबतीत त्याचा हेतू आजार बरा करण्याचा आहे की लांबवण्याचा?

एवढ्या चर्चेनंतर सिसप्लॅटिन ठरणार असे वाटत असतानाच कानांचा अहवाल पुढे आला. उंच पट्टीचे आवाज मला बरेच कमी ऐकू येत होते. सिसप्लॅटिनमुळे ऐकण्याची शक्ती आणखी, आणि कायमची, कमी होऊ शकते. म्हणून ते माझ्यासाठी बाद झाले. अशा रुग्णांसाठी टाटामध्ये ३५६ जणांवर केलेली एक चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. किरणोपचारांबरोबर दर आठवड्याला डोसीटॅक्सेल हे जुने, स्वस्त औषध कमी मात्रेत दिले, तेव्हा दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४२ वरून ५१ टक्क्यांवर गेले. त्याची किंमतही डॉक्टरांनी लपवली नाही: तोंड व घसा सोलवटण्याचा तीव्र त्रास त्या गटात जवळजवळ निम्म्या रुग्णांना झाला होता. मी डोसीटॅक्सेलला होकार दिला. भाच्याला सगळे आकडे वाचून दाखवले. त्याने दोन दिवस घेतले आणि मग तोही समाधानाने सोबत उभा राहिला.

किरणोपचारांसाठी आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे मुंबईत राहणे परवडणारे नव्हते. टाटाच्या डॉक्टरांनी पूर्ण आराखडा लिहून दिला आणि आमच्या जिल्ह्यातील एका ट्रस्टच्या रुग्णालयात तो राबवायचे ठरले. तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू होती. या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र बसतो; त्याच्याकडे शिधापत्रिका, आधार, बायोप्सीचा अहवाल, स्कॅन आणि उपचाराचा आराखडा द्यायचा, मग रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागते. माझ्या शिधापत्रिकेवर आणि आधारवर नावाचे शुद्धलेखन वेगळे असल्यामुळे प्रकरण एकदा परत आले. तहसील कार्यालयातून दुरुस्ती होईपर्यंत आठवडा गेला. नाव, जन्मतारीख आणि पत्ता दोन्ही कागदांवर सारखे आहेत का, हे निदान झाल्या दिवशीच तपासावे. किरणोपचारांचा खर्च योजनेतून झाला. डोसीटॅक्सेल, रक्ततपासण्या आणि इतर औषधे आम्ही घेतली. त्याला आठवड्याला चार हजारांच्या आत-बाहेर लागत.

कागदांच्या दुरुस्तीत गेलेला हा वेळ अगदीच वाया गेला नाही, कारण किडलेल्या दोन दाढा काढायच्या होत्या आणि हिरडी भरून येण्यासाठी किमान दहा-बारा दिवस हवेच होते. किरणोपचारांनंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, तिथे नंतर दात काढला तर जखम भरत नाही आणि हाड कुजण्याचा धोका असतो. म्हणून दातांचे काम आधीच. मग मास्क तयार केला. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लॅस्टिकची चादर चेहऱ्यावर व खांद्यांवर दाबून बसवतात, ती काही मिनिटांत कडक होते, आणि रोज त्याच साच्यात डोके टेबलाला जखडून किरण देतात. मला बंद जागेची भीती वाटते. तंत्रज्ञांना तसे सांगितल्यावर त्यांनी डोळ्यांपुढचा भाग कापून मोठा केला आणि हात उंचावला तर यंत्र थांबवू, असे आश्वासन दिले. त्यानंतर मी रोज मास्कखाली डोळे मिटून मनात हरिपाठ म्हणत असे.

१९ मे रोजी पहिला शेक, म्हणजे किरणांचा पहिला भाग, मिळाला. एकूण मात्रा ७० ग्रे (हे किरणांच्या मात्रेचे एकक), ३५ भागांत. पहिले दोन आठवडे मी स्वतः गाडीवर जाऊन येत होतो. तिसऱ्या आठवड्यात चव गेली, लाळ चिकट दोऱ्यासारखी झाली, आणि चौथ्यात पाण्याचा घोटही काचेसारखा टोचू लागला. घरचे आणि यार्डातले लोक प्रेमापोटी हळद सुचवत; मानेला लेप, दुधातून, कॅप्सूलमधून. डॉक्टरांनी मानेला कोणताही लेप किंवा तेल लावायला आणि त्यांना न विचारता कुठलीही पूरक गोळी घ्यायला मनाई केली होती, ती मी पाळली. मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून अनेकदा केल्या. वजन झपाट्याने उतरू लागल्यावर नाकातून नळी घातली. नाचणीची पेज, मुगाचे कढण, दूध, सातूचे पातळ पीठ हे सगळे मलमलच्या फडक्यातून गाळून सौभाग्यवती दर दोन तासांनी देत होती. नळी असली तरी दिवसातून काही घोट पाणी तोंडाने गिळायचेच आणि थेरपिस्टने शिकवलेले गिळण्याचे व्यायाम करायचेच. गिळणे पूर्ण थांबवले तर ते स्नायू आखडतात आणि नळी कायमची होण्याची भीती असते. हा नियम त्या दिवसांत क्रूर वाटे. तो पाळला म्हणून आज मी भाकरी कुस्करून खातो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मी सर्वांत थकलेला असताना, भाच्याने एक बातमी पाठवली: १२ जून २०२५ रोजी अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबला डोके व मानेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर देण्यासाठी मान्यता मिळाली. ७१४ रुग्णांच्या चाचणीत आजार न परतता गेलेला काळ सुमारे ३० महिन्यांवरून जवळजवळ ५२ महिन्यांवर गेला होता. त्या रात्री, आपण चुकीच्या वाटेवर तर नाही ना, या विचाराने मी जागा राहिलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावले, की ही खरोखर मोठी प्रगती आहे, परंतु ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे आणि ज्यांच्या गाठीत पीडी-एल १ हे प्रथिन आढळते त्यांच्यासाठी. आज कोणाला स्वरयंत्राची किंवा तोंडाची मोठी शस्त्रक्रिया सांगितली असेल, तर पीडी-एल १ ची चाचणी आणि हा पर्याय आपल्याला लागू आहे का, हे शस्त्रक्रियेच्या आधीच विचारावे, कारण त्यातील पहिले डोस शस्त्रक्रियेपूर्वी द्यायचे असतात.

पाचव्या आठवड्यात यंत्र दोन दिवस बंद पडले. किरणोपचारांत पडलेला खंड गाठीच्या पेशींना सावरायला वेळ देतो, हे मला टाटात सांगितलेले होते, म्हणून भरपाईचे काय, असे विचारले. पुढचे दोन शनिवार शेक देऊन त्यांनी मूळ मुदतीतच उपचार पूर्ण केले. असे झाल्यास रुग्णाने अवश्य विचारावे. शेवटचा शेक ४ जुलैला, आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी झाला. उपचार संपले की त्रास संपेल असे वाटत होते, पण किरणांचा परिणाम नंतरही चालू राहतो. त्यानंतरचे दोन आठवडे सर्वांत कठीण गेले. नळी ऑगस्टमध्ये निघाली.

पेट स्कॅन, म्हणजे शरीरात आजार उरला आहे का ते दाखवणारी तपासणी, बारा आठवड्यांनी करायचा असतो. आधी केला तर भाजलेल्या जागेची जळजळही आजारासारखी चमकते. त्यामुळे तो थेट दसऱ्यानंतर झाला. अकरा हजार लागले. अहवालात गाठीच्या जागी आणि मानेत आजाराची खूण दिसली नाही. तो घेऊन मुंबईला गेलो तेव्हा बाह्यरुग्ण विभागात शेजारी बुलढाण्याचे एक शेतकरी बसले होते. त्यांचा आजार शस्त्रक्रिया व किरणोपचारांनंतर परतला होता. त्यांना दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब २० मिलिग्रॅम आणि सोबत गोळ्या चालू होत्या. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते आणि ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी ही अल्प मात्रा मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब या गोळ्यांना जोडून १५१ रुग्णांवर तपासली, आणि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. त्यातले एर्लोटिनिब हे ईजीएफआरवरचेच औषध आहे. आमच्यासारख्या लोकांना परवडेल अशा मात्रेचा शोध कोणीतरी घेतो आहे, याचे मला त्या बाकावर बसून फार बरे वाटले. आजार परतलेल्या घरांनी पूर्ण मात्रेसाठी कर्ज काढण्यापूर्वी या पर्यायाविषयी विचारलेच पाहिजे.

डिसेंबरच्या तपासणीत दुर्बिणीने डावा स्वरतंतू थोडा हलताना दिसला. आवाज घोगरा आहे. सौद्याचा पुकारा आता दुकानातला तरुण सहकारी करतो आणि मी हिशेब पाहतो. मानेवरच्या किरणांमुळे थायरॉइड मंदावते, म्हणून दर काही महिन्यांनी रक्तातले टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे) तपासायचे असते. माझे वाढलेले निघाले आणि सकाळची एक गोळी सुरू झाली. तंबाखू सुटली आहे. ज्यांना मदत हवी त्यांच्यासाठी शासनाचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जायचे आहे, कारण आजार परतला तर बहुधा याच काळात परततो. तसे झालेच तर आधी स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया शक्य आहे का ते पाहायचे, ती शक्य नसेल तर पीडी-एल १ तपासून पुढची औषधे ठरवायची, हे मी डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घेतले आहे, आणि त्याची एक प्रत भाच्याकडे आहे.